प्रत्येक नोंदीची बेरीज : उभी आणि आडवी जुळलीच पाहिजे

मागच्या भागांमध्ये आपण टेबल तयार करायला आणि फॉर्ममधून नोंदी भरायला शिकलो. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. नोंद भरताना फॉर्मवरच त्या नोंदीची बेरीज कशी दाखवायची? विषय छोटा वाटतो, पण हिशोब बिघडतो तो बहुधा इथेच. म्हणून सावकाश, एकेक पायरी बघू.

मी उदाहरण घेणार आहे महिला बचत गटाचं. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा, हैदराबादला किंवा सुरतेला असा, बचत गट तुमच्या ओळखीचा असणारच. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि तिथून हे काम देशभर पसरलं. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार आणि नियमित परतफेड यांच्या बरोबरीने पाचवं सूत्र येतं ते हिशोबाच्या नीट नोंदींचं. गटात पैसा थोडा असतो, पण तो दहा-बारा जणींचा असतो आणि प्रत्येकीला आपला आकडा तोंडपाठ असतो. त्यामुळे चूक शंभर रुपयांची असली तरी ती विश्वासाची चूक ठरते.

आपल्या टेबलाचं नाव आहे 'जमा'. एका बैठकीत एका सभासदाने जे पैसे दिले, त्याची एक नोंद. रकाने असे : नोंद क्रमांक, बैठक क्रमांक, सभासद क्रमांक, बचत, कर्जाचा हप्ता, व्याज आणि दंड. नोंद क्रमांक ही प्रायमरी की आहे. मी वापरते आहे लिबर ऑफिसमधलं बेस. ते मोफत आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं.

पहिला प्रश्न. टेबलातच 'एकूण' नावाचा आणखी एक रकाना करून त्यात बेरीज लिहून ठेवावी का? माझं उत्तर आहे, नाही. समजा एका ताईंची बचत १००, हप्ता ५००, व्याज ४० आणि दंड १० लिहिला आणि एकूण ६५० हाताने टाकले. पुढच्या बैठकीत गटाने ठरवलं की दंड माफ. सचिवांनी दंड काढून टाकला, एकूण मात्र ६५०च राहिले. आता एकाच नोंदीत दोन खरं सांगणारे बसले आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. जे बाकीच्या आकड्यांवरून काढता येतं, ते वेगळं साठवायचं नाही, हा डेटाबेसचा जुना नियम आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली टेबलांवर आधारलेला डेटाबेसचा विचार मांडला, त्यातूनच हे सगळे नियम पुढे तयार झाले.

याला एक अपवाद लक्षात ठेवा. व्याज हेसुद्धा गणितानेच निघतं, मग ते का साठवायचं? कारण दर बदलतो. आज महिन्याला शेकडा २ असेल, उद्या गट तो दीड करेल. २,००० रुपयांवर तेव्हा घेतलेलं व्याज ४० होतं. ते साठवलं नाही आणि दर वेळी चालू दराने काढत गेलो, तर जुन्या नोंदीत अचानक ३० दिसू लागतील. त्या दिवशी हातात खरोखर आले ते पैसे साठवा. त्यांची बेरीज मात्र मोजून दाखवा.

आता ही बेरीज मोजायची कुठे? बेसमध्ये सोपी जागा म्हणजे क्वेरी. डाव्या बाजूला 'क्वेरीज' निवडा आणि 'क्रिएट क्वेरी इन डिझाइन व्ह्यू' वर टिचकी मारा. 'जमा' टेबल जोडा. मग टेबलातले सगळे रकाने एकेक करून खालच्या जाळीत आणा. नोंद क्रमांक विसरू नका. प्रायमरी की क्वेरीत नसेल तर तिच्यावर केलेल्या फॉर्ममध्ये नोंद भरता येत नाही, नुसती वाचता येते. खूप जण इथेच अडतात.

त्यानंतरच्या रिकाम्या स्तंभात 'फील्ड' च्या ओळीत आपण बेरीज लिहिणार. साधेपणाने लिहायचं तर "बचत" अधिक "हप्ता" अधिक "व्याज" अधिक "दंड". रकान्यांची नावं दुहेरी अवतरणचिन्हांत आणि मधे अधिकचं चिन्ह. 'एलिअस' च्या ओळीत लिहा 'एकूण'. क्वेरी चालवून बघा.

आता पडद्याकडे नीट बघा. मी चार नोंदी भरल्या आहेत. पहिल्या ताई : बचत १००, हप्ता ५००, व्याज ४०, दंड १०. दुसऱ्या ताई : फक्त बचत १००, कारण त्यांच्यावर कर्जही नाही आणि दंडही नाही. तिसऱ्या ताई : १००, ५०० आणि ३०, दंड नाही. चौथ्या ताई : बचत १०० आणि उशीर झाला म्हणून दंड १०. पहिल्या ताईंसमोर एकूण ६५० आलं. बाकी तिघींसमोर? काहीच नाही. रकाना कोरा.

संगणक बिघडलेला नाही. डेटाबेसमध्ये कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. तिला 'नल' म्हणतात, म्हणजे माहिती नाही. १०० अधिक 'माहिती नाही' किती? उत्तर येतं, माहिती नाही. एक जरी रकाना कोरा असला तरी अख्खी आडवी बेरीज कोरी होते. आणि बचत गटात कोरा रकाना हीच रोजची गोष्ट आहे. जी ताई वेळेवर येते, वेळेवर भरते, तिचा दंडाचा रकाना कोराच असणार. म्हणजे ज्या वेळेवर पैसे भरतात, त्यांचेच पैसे बेरजेतून गायब!

उपाय एका शब्दाचा आहे : कोअलेस. स्पेलिंग सांगते, सी, ओ, ए, एल, ई, एस, सी, ई. याच्या कंसात दोन गोष्टी द्यायच्या, आधी रकान्याचं नाव, मग स्वल्पविराम देऊन शून्य. अर्थ असा की रकान्यात आकडा असेल तर तो घे, कोरा असेल तर शून्य धर. चारही रकान्यांना हे लावा आणि मधे अधिकची चिन्हं ठेवा. पुन्हा चालवा. आता चौघींसमोर आलं ६५०, १००, ६३०, ११०. ही क्वेरी 'जमा_एकूण' या नावाने साठवा.

काही जण मला विचारतात, मग टेबलातच सगळीकडे शून्य भरून टाकलं तर? माझा त्याला विरोध आहे. शून्य म्हणजे आपण विचारलं आणि काही आलं नाही. कोरं म्हणजे तो प्रश्नच नव्हता, किंवा नोंद अजून व्हायची आहे. जिच्यावर कर्ज नाही तिच्या हप्त्यात कोरं बरोबर आहे. जिच्यावर कर्ज आहे पण या महिन्यात हप्ता जमला नाही, तिच्या हप्त्यात शून्य बरोबर आहे. थकबाकीची यादी काढताना हा फरक कामाला येतो. म्हणून टेबलातला फरक पुसू नका, फक्त बेरजेपुरतं कोऱ्याला शून्य माना.

आता फॉर्म करू. 'फॉर्म्स' मध्ये जाऊन 'यूज विझार्ड टू क्रिएट फॉर्म' निवडा. कशावर फॉर्म करायचा असं विचारेल, तेव्हा टेबल नको, आपली 'जमा_एकूण' क्वेरी निवडा आणि सगळे रकाने घ्या. मग फॉर्म एडिट करण्यासाठी उघडा. कंट्रोल की दाबून ठेवून एकूणच्या चौकटीवर टिचकी मारा, नाहीतर शेजारचं लेबलही सोबत निवडलं जातं. उजवी टिचकी मारून 'कंट्रोल प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'रीड-ओन्ली' ला 'येस' आणि 'टॅब स्टॉप' ला 'नो' करा. म्हणजे या चौकटीत कोणी हाताने लिहिणार नाही आणि टॅब दाबत जाताना कर्सरही तिथे थांबणार नाही.

फॉर्म उघडून एक नोंद भरून बघा. आकडे टाकताना एकूण लगेच बदलत नाही, कारण बेरीज क्वेरी करते आणि क्वेरीला साठवलेली नोंदच दिसते. म्हणून आधी 'सेव्ह रेकॉर्ड', मग 'रिफ्रेश'. सचिव ताईंना मी सांगते, साठवल्यावर एकूण मोठ्याने वाचा, समोरच्या ताईंनी हातातले पैसे मोजावेत आणि मगच पुढची नोंद.

तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस असेल तर रीत थोडी वेगळी. तिथे फॉर्मवर नवी टेक्स्ट बॉक्स घेऊन तिच्या 'कंट्रोल सोर्स' मध्ये बरोबरचं चिन्ह देऊन बेरीज थेट लिहिता येते. कोअलेसच्या जागी तिथे एनझेड वापरतात. दोन गोष्टी सांभाळा. त्या चौकटीचं नाव बेरजेतल्या कुठल्याही रकान्याचं नसावं, नाहीतर आकड्याऐवजी एररचा शब्द दिसतो. आणि फॉर्मच्या तळाशी सगळ्या नोंदींची बेरीज हवी असेल तर 'सम' च्या कंसात त्या चौकटीचं नाव चालत नाही, आतलं पूर्ण गणित पुन्हा लिहावं लागतं.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी. जुने मुनीम वहीचं पान उभं आणि आडवं, दोन्ही बाजूंनी बेरजून बघत. तेच आपण करू. उभी बेरीज 'सम' ने होते. पण 'सम' चा स्वभाव वेगळा आहे. तो कोऱ्या जागा सोडून देतो आणि उरलेल्यांची बेरीज करतो. आपल्या चार नोंदींत बचत ४००, हप्ते १,०००, व्याज ७०, दंड २०. झाले १,४९०. आणि आडव्या बेरजांची बेरीज? कोअलेस लावलेलं असेल तर ६५०, १००, ६३०, ११०, म्हणजे १,४९०च. कोअलेस विसरला असता तर आडव्या बाजूने फक्त ६५० आले असते. पेटीत १,४९० आणि कागदावर ६५०. मधले ८४० रुपये कोणी घेतलेले नाहीत, पण बैठकीत संशय मात्र माणसावरच घेतला जातो.

म्हणून 'जमा_एकूण' वर दुसरी एक क्वेरी करा. डिझाइन व्ह्यूमध्ये 'फंक्शन' च्या ओळीत बैठक क्रमांकाला 'ग्रुप' आणि बचत, हप्ता, व्याज, दंड व एकूण या पाचही रकान्यांना 'सम' द्या. प्रत्येक बैठकीची एक ओळ मिळेल. पहिल्या चार आकड्यांची बेरीज पाचव्याशी जुळली पाहिजे आणि पाचवा आकडा पेटीतल्या रोख जमेशी. तीन ठिकाणी एकच आकडा आला की मगच बैठक संपवायची.

एक सूचना राहिली. पैशाच्या रकान्यांचा प्रकार 'डेसिमल' ठेवा आणि दशांशानंतर दोन स्थळं द्या. 'डबल' ठेवू नका. त्यात अपूर्णांक जवळपासच्या किमतीने साठवले जातात आणि खूप नोंदींच्या बेरजेत पैशांचा फरक दिसू शकतो.

आता तुमच्यासाठी काम. 'जमा' टेबलात 'इतर जमा' नावाचा एक रकाना वाढवा. दोन नोंदींत तो भरा, दोन नोंदींत कोरा सोडा. मग दोन्ही क्वेऱ्यांमध्ये आणि फॉर्ममध्ये योग्य ते बदल करा आणि उभी-आडवी बेरीज पुन्हा जुळते का ते बघा. जुळली नाही तर आधी कोरे रकाने तपासा, मग बाकी सगळं.

पुढच्या भागात आपण प्रत्येक सभासदाची आजवरची एकूण बचत आणि उरलेलं कर्ज एकाच फॉर्मवर आणू. तोवर सराव करत राहा.