बाटली अंधारात, हिशेब उजेडात

(काच दुरुस्तीचा व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या गटांसाठी प्रभागसंघाच्या बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेली मांडणी)



गाडीच्या पुढच्या काचेला खडी लागून उडालेला टवका भरून देण्याचा व्यवसाय करावा, असा विचार आपल्या काही गटांनी मांडला आहे. विचार चांगला आहे. मुंबई–आग्रा महामार्ग इगतपुरी, घोटी, नाशिक, ओझर, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव असा आपल्या अख्ख्या जिल्ह्यातून जातो. 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्गही इगतपुरीच्या पुढे आमणेपर्यंत खुला झाला. गाड्या वाढल्या, डंपर वाढले, आणि पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी मागच्या गाडीच्या काचेवर येणारच. काच नवीन बसवण्यापेक्षा टवका भरून घेणं गाडीवाल्याला स्वस्त पडतं.

या व्यवसायाची चर्चा निघाली की जागा, पाटी, यंत्र, दिवा, कर्ज या सगळ्यावर आपण बोलतो. एका छोट्या बाटलीवर कोणी बोलत नाही. ती बाटली म्हणजे रेझिन. खरा माल तोच. तो नीट सांभाळला नाही, तर यंत्र कितीही महाग असो, काम फसतं. आणि तो हाताळताना हात सांभाळले नाहीत, तर नुकसान फक्त धंद्याचं होत नाही. म्हणून आज फक्त बाटली आणि हात, एवढंच बोलणार आहे.

रेझिन काम कसं करतं?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असावी लागते. म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर. खडी लागली की बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच टवकते. त्या टवक्यातली हवा काढायची, तिथे पातळ रेझिन भरायचं आणि वरून यूव्ही दिव्याचा प्रकाश द्यायचा. प्रकाश मिळाला की रेझिन घट्ट होऊन काचेला धरून बसतं.

आपल्यापैकी ज्या ब्यूटी पार्लर चालवतात त्यांना हे लगेच कळेल. जेल नेलपॉलिश दिव्याखाली सुकवतात, ते याच कुळातलं. दातात पांढरं सिमेंट भरून डॉक्टर निळा प्रकाश धरतात, तेही तसंच.

आता यातलं मर्म लक्षात घ्या. जो प्रकाश रेझिनला काचेत घट्ट करतो, तोच बाटलीतही घट्ट करतो. यूव्ही किरण फक्त दिव्यात नसतात, सूर्यप्रकाशात भरपूर असतात. ढगाळ दिवशीही असतात, खिडकीच्या काचेतूनही आत येतात. ‘ऊन तर पडलं नव्हतं, सावलीतच ठेवली होती,’ हे म्हणणं इथे चालत नाही. उघड्या दारासमोरची सावली म्हणजे अंधार नव्हे.

साठवण

पहिली गोष्ट, मूळ बाटली बदलू नका. कंपनी काळ्या किंवा गडद बाटलीत माल देते, त्याला कारण आहे. दुसऱ्या पारदर्शक बाटलीत, स्टीलच्या वाटीत, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत रेझिन ओतायचं नाही. उजेड लागतो, गंजलेल्या धातूमुळेही ते बिघडू शकतं, आणि पाण्याच्या बाटलीत ठेवलं तर घरातलं कोणीतरी पाणी म्हणून तोंडाला लावेल. हवं तर ती मूळ बाटली झाकणाच्या डब्यात उभी ठेवा. डबा बाहेरून, बाटली आत.

दुसरी गोष्ट, थंड जागा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात किती तापतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. नाशिकचा पारा चाळिशीला जातो तेव्हा बंद गाडीच्या आत किंवा स्कूटरच्या डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त उष्णता होते. फिरतं काम करणाऱ्या ताईंनी दुपारभर बाटली डिक्कीत ठेवायची नाही. पक्क्या भिंतीचं, बंद दाराचं, खालच्या कप्प्याचं कपाट सगळ्यांत बरं. गॅस, चूल, देवाचा दिवा जवळ नको. घरातल्या फ्रिजमध्ये, भाजी-दुधाशेजारी तर मुळीच नको.

हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो. निफाडकडचा गारठा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गारठ्यात रेझिन जाड होतं, टवक्यात नीट उतरत नाही. म्हणून बाटली चुलीपाशी धरायची नाही, गरम पाण्यात सोडायची नाही आणि ऊन तर दाखवायचंच नाही. कामाच्या आधी तासभर घरातल्या उबदार खोलीत, डब्यासकट ठेवली की पुरतं.

तिसरी गोष्ट, बाटली काठोकाठ भरलेली नसते. ती मापातली लबाडी समजू नका. आधीच घट्ट होऊ नये म्हणून रेझिनमध्ये एक घटक घातलेला असतो, आणि त्याला काम करायला हवेतला ऑक्सिजन लागतो. म्हणून दोन अर्ध्या बाटल्या एकत्र करून एक भरायची नाही. शिवाय एक जुनी, एक नवी अशी मिसळ झाली की तारखेचा हिशेबच राहत नाही.

चौथी गोष्ट आपल्या लोणच्याच्या बरणीची. ओला चमचा आपण बरणीत घालत नाही. तसंच इंजेक्टरमध्ये उरलेला थेंब परत बाटलीत सोडायचा नाही. त्याला उजेड लागलेला असतो, काचेची बारीक भुकटी लागलेली असते. एका थेंबाच्या काटकसरीत पूर्ण बाटली जाते.

खरेदी

आपल्या गटांना घाऊक खरेदीची सवय आहे. मसाल्याला मिरची, पापडाला उडदाची डाळ, सगळं एकदम घेतलं की स्वस्त पडतं. रेझिनला हा नियम लावू नका. जरा हिशेब करू.

एका साध्या टवक्याला अर्धा मिलिलीटर रेझिन धरू, तेही सढळ हाताने. आठवड्याला 5 गाड्या आल्या, तर वर्षाच्या 260 गाड्या झाल्या. म्हणजे वर्षाला 130 मिलिलीटर. कोणी स्वस्तात एक लिटर देऊ केलं, तर ते संपायला साडेसात वर्षांहून जास्त काळ लागेल. बंद बाटलीची मुदत मात्र साधारण एक ते दोन वर्षांची असते, आणि बाटलीवर लिहिलेली तारीख हीच खरी. म्हणजे स्वस्तातला बहुतेक माल फेकायचा, आणि त्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र भरत राहायचा. म्हणून छोट्या बाटल्या घ्या, दोन-तीन महिन्यांपुरत्याच घ्या, आणि घेताना मुदत वाचून घ्या.

रेझिन बिघडलं हे नेहमी डोळ्यांना दिसत नाही. बाटली तशीच, रंगही कधी कधी तसाच. शंका आली तर सावलीत काचेच्या तुकड्यावर नव्या बाटलीचा एक आणि जुन्या बाटलीचा एक थेंब ठेवा, काच तिरकी करा. जुना थेंब मागे राहिला, तार धरू लागला, गाठी दिसल्या किंवा पिवळा पडला असेल, तर ती बाटली गाडीवर वापरायची नाही. गाडीवाला पैसे देऊन विश्वासाने जातो. खराब मालाने भरलेल्या टवक्यातून पुढे तडा धावला, तर गाव छोटं आहे, बातमी आपल्या आधी पोहोचते.

हात

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अशा रेझिनमध्ये ॲक्रिलेट जातीची रसायनं असतात. हाताला लागलं तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणून बाई म्हणते, ‘मला नाही काही होत.’ पण रोज थोडं थोडं लागत राहिलं, तर काही जणींना ॲलर्जी होते. बोटांना खाज, लाली, मग बोटांची टोकं फुटतात. आणि ही ॲलर्जी एकदा जडली की साधारणपणे जन्मभर राहते. पुढे जेल नेलपॉलिशचा किंवा दातात भरायच्या सिमेंटचाही त्रास होऊ शकतो.

आपले हात एकाच धंद्याचे नाहीत, ताई. त्याच हातांनी द्राक्षाची विरळणी होते, भाकरी थापली जाते, लेकराला न्हाऊ घातलं जातं. त्यामुळे हातमोज्यांचा खर्च वाचवू नका. घरकामाचे किंवा साधे रबरी हातमोजे इथे चालत नाहीत, रेझिन त्यांतून झिरपतं. नायट्राइलचे घ्या. तेही पातळ असतात. रेझिन सांडलं की लगेच काढून नवे घाला, धुऊन परत वापरू नका. कामाआधी अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा, कारण अंगठीखाली थेंब अडकला तर दिवसभर तिथेच राहतो. हात पदराला पुसायचा नाही.

कातडीला लागलं तर साबण आणि भरपूर पाणी. थिनर, पेट्रोल, स्पिरिटने चोळायचं नाही, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार लावायची आणि मग दवाखान्यात जायचं. जाताना बाटली सोबत न्यायची, म्हणजे डॉक्टरांना काय गेलं ते कळेल. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, यूव्हीचा चष्मा घालायचा.

उरलेलं काय करायचं? मोरीत, गटारीत, ओढ्यात ओतायचं नाही. पुसलेले कागद-चिंध्या पातळ पसरून, मुलं-जनावरं पोहोचणार नाहीत अशा जागी उन्हात ठेवा. घट्ट, कोरड्या झाल्या की मग कचऱ्यात टाका. पण मुदत संपलेली पूर्ण बाटली उन्हात ठेवायची नाही. जास्त रेझिन एकदम घट्ट होताना खूप तापतं. ती बंद करून बाजूला ठेवा आणि विक्रेत्याला परत घ्यायला सांगा. हे खरेदीच्या वेळीच बोलून घ्या.

नोंद

नियमित नोंदी ठेवणं हे आपल्या सूत्रांतलं एक सूत्र आहेच. तीच सवय इथे कामाला येते. एका वहीत एवढे रकाने आखा: खरेदीची तारीख, बाटलीवरचा लॉट नंबर, मुदत, उघडल्याची तारीख, किती गाड्या झाल्या. बाटलीवरही चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहा. आधी आलेली बाटली आधी संपवा. उद्या एखादा गाडीवाला तक्रार घेऊन आला, तर त्या लॉटचा माल अजून कुणाच्या गाडीत गेला, हे वही सांगेल.

कर्जाचा अर्ज आला की गटाच्या अध्यक्ष आणि सचिव ताईंनी तीन प्रश्न विचारावेत. बाटली कुठे ठेवणार, ती जागा दाखव. वर्षाला किती रेझिन लागेल, त्याचा हिशेब दाखव. हातमोजे, चष्मा आणि साबणाचा खर्च अंदाजपत्रकात कुठे लिहिला आहे, ते दाखव. तिन्हींची उत्तरं मिळाली तर पुढचं बोलू.

विक्रेत्याकडून रेझिनचं सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. ते बहुधा इंग्रजीत असतं. मला द्या, गटाच्या बैठकीत आपण ते मराठीत वाचू, आणि त्यातल्या सूचना मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर चिकटवू. कपाटाला कुलूप हवंच. किल्ली एकीकडेच राहू द्या.