क्षमेचें द्वार व नवदीक्षित बंधुभगिनी
(धर्मग्रामाच्या सुवर्ण ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, ह्या आनंदाच्या प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आपण आम्हांस केली. प्राचीन इस्राएल लोक पन्नासावें वर्ष मुक्तीचें वर्ष म्हणून पाळीत. त्या वर्षीं हातची गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत जाई व दास झालेला भाऊ आपल्या घरीं परते, असें लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. तेव्हां ज्युबिली म्हणजे केवळ तोरणें, बँड व मेजवानी नव्हे. ज्याच्या मानेवर ओझें आहे त्याचें ओझें उतरविण्याचा तो काळ आहे. ह्याच अर्थानें आज आम्ही एका नाजूक विषयास हात घालीत आहों.

ख्रिस्तसभेंत येऊं इच्छिणारे प्रौढ स्त्रीपुरुष आमच्याकडे धर्मशिक्षणास येतात. त्यांपैकीं कित्येकांच्या मनांत एक प्रश्न असतो व तो ओठांवर येण्यास महिनेच्या महिने लागतात. पूर्वायुष्यांत कोणीं गर्भपात करविलेला असतो, कोणीं दोन मुलांवर शस्त्रक्रिया करून घेतलेली असते, कोणीं वर्षानुवर्षें कृत्रिम संततिनियमन केलेलें असतें. ह्याविषयीं ख्रिस्तसभेची शिकवण कळली म्हणजे ते दचकतात आणि एके दिवशीं हळूच विचारतात, "फादर, हें पापहि धुतलें जाईल काय?"

पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही दुसऱ्या एका ठिकाणीं असतांना, एका बाईंनीं आम्हांस हाच प्रश्न केला होता. त्यांचें बोलणें पापनिवेदनांतील नव्हतें, आणि त्यांच्या अनुज्ञेनेंच आम्ही तें येथें सांगत आहों. आम्ही तेव्हां तरुण होतों व सेमिनरींतील विद्या ताजी होती. आम्हीं त्यांना पापाची व्याख्या सांगितली, गर्भपात हें केवढें घोर पाप आहे तें समजावून दिलें, आणि बाकीचें पुढें पाहूं, असें म्हटलें. त्यांत एकहि शब्द खोटा नव्हता. परंतु त्या बाई दोन वर्षें देवळाकडे फिरकल्या नाहींत. शेवटीं एका वृद्ध धर्मभगिनीनें त्यांना हाताला धरून परत आणलें. तिनें त्यांना इतकेंच सांगितलें होतें कीं, "तुमच्या प्रश्नाचें उत्तर होय असें आहे. बाकीचें मग शिकूं." हा क्रम आम्हांस इतकीं पुस्तकें वाचूनहि उमगला नव्हता.

म्हणून आज आम्ही उत्तर आधीं देतों. होय, धुतलें जातें. आतां तें कसें, हें ऐका.

ज्याचा स्नानसंस्कार अद्याप झालेला नाहीं, त्याचीं जन्मपाप व स्वतः केलेलीं पापें, सर्वच्या सर्व, त्या संस्कारानें दंडासह नाहींशीं होतात. प्रौढ मनुष्यापाशीं श्रद्धा व खरा पश्चात्ताप मात्र असला पाहिजे. त्यापूर्वीं पापनिवेदन करण्याचें त्याला कारण नाहीं. ज्याला अन्य ख्रिस्ती पंथांत यथाविधि स्नानसंस्कार मिळाला आहे, त्याला तो पुन्हां देत नाहींत; त्यानें प्रवेशापूर्वीं पापनिवेदन करावें, म्हणजे धर्मगुरूच्या पापमोचनानें तो मोकळा होतो. कित्येकांना भीति वाटते कीं, गर्भपातामुळें आपण बहिष्कृत आहों. तसा बहिष्कार धर्मविधिसंहितेंत आहे खरा. परंतु तो नियम कॅथॉलिकांस लागू आहे, बाहेरून येणाऱ्याच्या पूर्वायुष्यास नाहीं. आणि कॅथॉलिकांविषयीं म्हणाल, तर २०१५-१६ च्या करुणेच्या ज्युबिली वर्षीं पोप फ्रान्सिस यांनीं ह्या पापाची क्षमा करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना दिला, व २० नोव्हेंबर २०१६ रोजीं तो कायम केला. ज्यांनीं शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांनीं ती उलटवून घेतलीच पाहिजे, असेंहि बंधन ख्रिस्तसभा घालीत नाहीं.

ह्यावरून शिकवण सैल झाली असें कोणीं समजूं नये. ३१ डिसेंबर १९३० रोजीं अकरावे पायस यांनीं व २५ जुलै १९६८ रोजीं सहावे पौल यांनीं विवाहाविषयीं जें सांगितलें तें आजहि तसेंच आहे. परंतु कृत्य घोर असलें तरी कर्त्याचा दोष त्याच्या ज्ञानावर व संमतीवर अवलंबून असतो. आपल्या देशांत १९५२ पासून सरकारनेंच कुटुंबनियोजनाचा पुरस्कार केला. १९७६-७७ ह्या एका वर्षांत ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या व त्यांत पुष्कळ बळजबरीहि झाली. १९७१ च्या कायद्यानें कांहीं अटींवर गर्भपातास मोकळीक दिली. ज्या सुनेस कोणीं विचारलेंहि नाहीं, किंवा मुलगीच होणार म्हणून जिला दवाखान्यांत नेलें, तिच्या अंतःकरणाचा न्याय देव करील. तो आपण करूं नये.

आतां एका स्त्रीचें उदाहरण सांगतों. डोरोथी डे ही १८९७ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत जन्मली व तरुणपणीं वर्तमानपत्रांत लिहूं लागली. एका पुरुषाच्या प्रेमांत पडून तिनें गर्भपात करविला. पुढें आपणांस मूल होणार नाहीं असें तिला वाटत असतांना १९२६ सालीं तिला कन्या झाली, व त्या आनंदानें ती देवाकडे वळली. एका धर्मभगिनीनें तिला शिक्षण दिलें. मुलीच्या पित्यास धर्म मान्य नव्हता, म्हणून तिला त्यालाहि सोडावें लागलें. २८ डिसेंबर १९२७ रोजीं स्टेटन बेटावरील देवळांत तिचा सशर्त स्नानसंस्कार झाला, कारण लहानपणीं एपिस्कोपल पंथांत तिला तो मिळालेला होता. लागलीच तिनें पापनिवेदन केलें. त्या दिवशीं तिला विशेष आनंद वाटला नाहीं, असें तिनें स्वतःच लिहून ठेविलें आहे. हें नवदीक्षितांनीं ध्यानांत ठेवावें; क्षमा ही मनाच्या उकळीवर अवलंबून नसते. पुढें १९३३ सालीं तिनें गरिबांसाठीं कार्य आरंभिलें व १९८० सालीं मरेपर्यंत भुकेल्यांस जेवूं घातलें. आज ख्रिस्तसभेंत तिच्या संतपदाचा विचार चालू आहे. तिचें तें पाप लपवून नव्हे, तर उघड ठेवूनच हा विचार चालला आहे.

कित्येक मातांचें दुःख क्षमेनंतरहि राहतें. "माझें लेकरूं कोठें असेल?" असें त्या विचारतात. २००७ सालीं रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानें, स्नानसंस्काराविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणें आहेत, असें प्रतिपादिलें. म्हणून त्या मातांनीं लेकरूं देवाच्या हवालीं करावें, त्याच्यासाठीं मिस्सा अर्पावी, व रडूं आलें तर रडावें. तें रडणें अविश्वासाचें लक्षण नव्हे.

शेवटीं, बंधुभगिनींनो, आपल्याविषयीं. ईस्टरच्या रात्रीं जो कोणी स्नानकुंडापाशीं येईल, त्याच्याविषयीं आपण ओट्यावर बसून चर्चा करूं नये. "हिला एकच मूल कसें?" असें विचारूं नये. धर्ममाता व धर्मपिता यांनीं पूर्वायुष्य उकरूं नये. पुढच्या रविवारीं आपल्या शेजारीं बसावयास जागा द्यावी. त्या बाई दोन वर्षें बाहेर राहिल्या त्या आमच्या शब्दांमुळें. आपल्या शब्दांमुळें कोणी एक दिवसहि बाहेर न राहो.

आणि आज ह्या मंडपांत कोणी हें ओझें घेऊन बसलें असेल, दीक्षार्थी असो कीं जन्मापासूनचा कॅथॉलिक असो, त्यानें आमच्याकडे यावें. आम्ही आतां व्याख्या सांगत नाहीं. शनिवारीं सायंकाळीं पापनिवेदनासाठीं आम्ही देवळांत असतों. धर्मगुरूंच्या घराचें दार तर रोजच उघडें असतें.

प्रभु येशूची कृपा व पवित्र मातेचें छत्र आपणां सर्वांवर राहो. आमेन.