न दुखणारी जखम
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव होय. प्रौढ व्यक्तीच्या अंगावर तिचा विस्तार सुमारे दीड ते दोन चौरस मीटर असतो. जंतूंना अटकाव करणे, शरीरातील पाणी राखणे, घामावाटे उष्णता बाहेर टाकणे, स्पर्श व वेदना यांची वार्ता मेंदूस पोहोचविणे ही कामे ती अहोरात्र करीत असते.

तिच्यावर उद्भवणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तीळ, चामखीळ, चरबीची मऊ गाठ यांमुळे भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र तिळाचा रंग वा आकार बदलू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा त्यातून रक्त येऊ लागले, तर तो त्वरित दाखवावा. मेलॅनोमा हा घातक कर्करोग आपल्याकडे विरळा. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, आणि तेथे सहसा कोणी पाहत नाही.

आपल्या पेहरावाशी निगडित अशीही एक व्याधी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद आहे. पुढे परकराच्या नाडीमुळे स्त्रियांनाही असाच कर्करोग झाल्याचे आढळले. वर्षानुवर्षे एकाच जागी काच बसतो, त्यात घाम आणि धूळ साचते. कातडी प्रथम काळवंडते, मग तिचे पापुद्रे निघतात, पुढे व्रण होतो आणि क्वचित तो कर्करोगाचे रूप घेतो. उपाय अगदी साधा आहे. नाडी रुंद असावी, सैल बांधावी, तिची जागा बदलत राहावी.

आमच्या मलकापूर-कऱ्हाड परिसरात चुलीवर किंवा गुऱ्हाळाच्या उकळत्या रसाने भाजल्याचे जुने वण अनेकांच्या अंगावर असतात. अशा वणावर बऱ्याच वर्षांनी पुन्हा जखम होऊन ती भरेनाशी झाली, तर तिकडेही दुर्लक्ष करू नये.

ही जखम आरंभी बहुधा दुखत नाही, आणि खरा धोका त्यातच आहे. दुखत नाही म्हणून माणूस मलम लावून थांबतो. कमरेवरचे दाखवावयास भगिनींना संकोच वाटतो. तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, हा गैरसमजही अनेकांना अडवितो. वास्तविक त्या तपासणीविना निदानच होत नाही. लहान असतानाच व्रण पूर्णपणे काढला, तर रुग्ण बहुधा बरा होतो. रोग जांघेतील गाठींपर्यंत पोहोचला, तर उपचार कठीण व खर्चिक होतात.

आपल्या औदार्यातून उपचाराची साधने उभी राहतात. परंतु रुग्ण वेळेवर आला तरच ती सार्थकी लागतात. म्हणून आम्ही आपणांस एक विनंती करतो. घरी गेल्यावर आई-वडिलांना, आजी-आजोबांना एवढेच विचारा : महिनाभरात न भरलेली एखादी जखम अंगावर आहे काय? असल्यास त्यांना हाताला धरून घेऊन या.