बोटाचं टोक वाचवताना

कडबाकुट्टीच्या पात्यात, पॉवर प्रेसखाली किंवा दाराच्या फटीत बोट सापडलं की घरचे लोक विचारतात, बोट किती तुटलं? सर्जन त्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहतो. काप कुठल्या दिशेने गेला आहे, आणि हाड उघडं पडलं आहे का?

बोटाच्या टोकाच्या गादीत मज्जातंतूंची दाट वीण असते. दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन स्पर्शही ती वेगळे ओळखते. सुईत दोरा ओवणं, अंधारात बटण लावणं, खिशातलं नाणं न बघता ओळखणं ही सगळी तिची करामत. म्हणून बोटाच्या लांबीइतकंच त्याच्या संवेदनेलाही जपावं लागतं.

जखम सेंटिमीटरभर असेल आणि हाड झाकलेलं असेल, तर पुष्कळदा नुसत्या ड्रेसिंगवर ती भरून येते. लहान मुलांत तर फारच छान. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सिंथिया इलिंगवर्थ यांनी 1974 साली मुलांच्या तुटलेल्या बोटांबद्दल हेच दाखवून दिलं. मोठी शस्त्रक्रिया न करता थांबण्याचं धैर्य हेही सर्जनचं कौशल्यच आहे.

हाड उघडं पडलं, की गणित बदलतं. मांडीवरून काढलेली पातळ कातडी उघड्या हाडावर जगत नाही, कारण तिला खालून रक्त मिळावं लागतं. फ्लॅप, म्हणजे मूळ जागेशी जोडलेलीच ठेवून सरकवलेली त्वचा, स्वतःचा रक्तपुरवठा सोबत घेऊन येतो. या कल्पनेचं पुण्याशी जुनं नातं आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका जाणकाराने कपाळाची त्वचा फिरवून घडवलं. त्याची हकिकत 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने छापली. कपाळाशी जोडलेला देठ राखल्यामुळेच ती त्वचा जगली.

बोटावर हेच तत्त्व फार नाजूकपणे वापरतात. काप आडवा असेल किंवा नखाच्या बाजूने तिरका गेला असेल, तर गादीवर व्ही आकाराचा त्रिकोण आखतात. त्याचा पाया जखमेच्या काठाला, टोक शेवटच्या सांध्याच्या घडीजवळ. चीर फक्त त्वचेतून जाते, खालच्या चरबीतल्या रक्तवाहिन्या आणि नसा शाबूत ठेवायच्या असतात. हाडाला धरून ठेवणारे तंतू सोडवले की त्रिकोण पुढे सरकतो आणि मागची फट शिवून वाय आकार होतो. इटलीच्या ट्रँक्विली-लेआली यांनी 1935 मध्ये हा मार्ग मांडला आणि अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातल्या अटासॉय यांच्या 1970 च्या लेखानंतर तो सर्वदूर पोचला. मात्र त्रिकोण फार तर सेंटिमीटरभर सरकतो. जास्त ओढला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो.

गादीच तिरकी कापली गेली असेल, तर शेजारच्या बोटाच्या पाठीवरची त्वचा पुस्तकाच्या पानासारखी उलटून जखमेवर शिवतात. दोन्ही बोटं दोन-तीन आठवडे जोडलेली राहतात, मग वेगळी करतात. हात गुंतून पडतो आणि सांधे आखडण्याची भीती असते, म्हणून वयस्कर माणसाबाबत दहादा विचार करावा लागतो. अंगठ्यासाठी स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांनी 1964 साली तळव्याकडची अख्खी त्वचा, दोन्ही बाजूंच्या नसांसह, पुढे आणण्याची पद्धत मांडली. त्यामुळे चिमटीतली जाण टिकते.

हाड थोडं कापून लगेच टाके घालणं हा मार्गही काहींना योग्य असतो, कारण माणूस लवकर कामावर परततो. पण तो निर्णय घाईत होऊ नये. जखमी माणसाने आपलं काम काय आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. तबला वाजवणाऱ्याची गरज वेगळी, गवंड्याची वेगळी.

अपघातानंतर दवाखान्यात जाताना तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी; तुकडा थेट बर्फावर कधीही नको. जखमेवर हळद, चहापूड, चुना काहीही लावू नये. अंगठी लगेच काढावी. शस्त्रक्रियेनंतर काही महिने थंडीत टोक दुखतं, हात लावला की झिणझिण्या येतात. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट तांदळाच्या वाडग्यात बोट घोळवायला सांगतात. हा व्यायाम रोज नेटाने करावा, कंटाळून सोडू नये.