नवऱ्याच्या कागदांत हरवलेली बाई

अठराव्या शतकातल्या अमेरिकेत लग्न झालं की बाईचं नाव दप्तरातून जवळजवळ पुसलंच जाई. जमीन, करार, सगळं नवऱ्याच्या नावे. १७९०च्या पहिल्या जनगणनेत नावानिशी नोंद फक्त कुटुंबप्रमुखाची. म्हणून खापरपणजी शोधायची, तर आधी नवऱ्याचं मृत्युपत्र धुंडाळायचं; विधवेच्या एक तृतीयांश वाट्याच्या कागदात ती कधीकधी भेटते, तीही भांडीकुंडी अन् अंथरुणांच्या यादीत!

आजच्या मेन राज्यातली सुईण मार्था बॅलार्ड मात्र निराळी. १७८५ ते १८१२ तिनं रोजनिशी लिहिली. त्यात ८१६ बाळंतपणं, मिळालेला मोबदला, गोठलेली नदी ओलांडणं, विणकाम. किरकोळ म्हणून अभ्यासकांनी बाजूला सारलेली ही वही डॉक्टर असलेल्या खापरपणतीनं जपली होती. या रोजनिशीवरच्या लॉरेल थॅचर अल्रिक यांच्या पुस्तकाला १९९१ साली पुलित्झर मिळालं.