आधार कार्डाबाहेरचा फोटो

जालना जिल्ह्यातल्या सगळ्या बचत गटांतल्या ताई, काकू, मावश्यांना माझा रामराम. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर काम चालू राहू द्या, कान फक्त इकडे असू द्या.

जानेवारीच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली आणि मी सहज विचारलं, "तुमचा स्वतःचा आवडता फोटो कोणता?" आम्ही बारा जणी होतो. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "आधार कार्डावरचा हाय की. पण त्यात मी चोरावानी दिसते." सगळ्या खूप हसलो. हसून झाल्यावर कळलं, की आमच्यातल्या पाच जणींचा लग्नानंतर एकटीचा फोटो म्हणजे आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक, एवढाच.

तेव्हाच ठरलं. यंदा ८ मार्चला रानात मिळेल त्याचे पोशाख करायचे, आणि जिला जे व्हावंसं वाटतं ते होऊन फोटो काढायचा. कोणी वनदेवी, कोणी राणी, कोणी नदी.

एक ताई म्हणाली, "हे शहरातलं खूळ आपल्याला कशाला?" पण बायांनो, हे आपलंच आहे. डोहाळजेवणाला आपण फुलांची वाडी भरतो. फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा करतो. गर्भारशीला झोपाळ्यावर, नावेत, चंद्रकोरीवर बसवून फोटो काढतो. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतो. साखरेचे दागिने, ते काय खूळ आहे? तिकडे नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी असते. तिथले आदिवासी बांधव डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घालतात, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधतात, अंगावर नक्षी काढतात आणि रात्रभर नाचतात. निसर्गातल्या वस्तूंनी सजायची आपल्याकडे जुनी रीत आहे. फक्त आपल्या वाट्याला ती एक-दोनदाच येते, लग्न झालं किंवा दिवस गेले की. एरवी नाही.

आता कसं केलं ते सांगते. आमचा भाग मक्याचा आणि कापसाचा. कणसाची आतली मऊ पानं वेचून ठेवली होती. ती पंधरा मिनिटं पाण्यात भिजवली की चिरत नाहीत, हवी तशी दुमडतात. काही पानं हळदीच्या पाण्यात उकळून पिवळी केली, काही पळसाच्या फुलांच्या पाण्यात. रंग धरावा म्हणून थोडी तुरटी टाकली. सगळं सावलीत वाळवलं, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो. जुनं गोणपाट धुऊन त्याचा घागरा बेतला. त्याला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं, नाहीतर गोणपाट टोचतं. मग दाभण आणि सुतळीनं खालून वर पानांच्या ओळी शिवत गेलो, घरावर कौलं चढवतात तशा.

मुकुटासाठी निरगुडीच्या ओल्या काड्या वाकवून कडं केलं. कापूस वेचल्यावर पऱ्हाटीला जी रिकामी बोंडं राहतात, ती पाहिलीत का कधी नीट? लाकडाचं फूलच असतं ते. ती बोंडं आणि ज्वारीची कणसं कड्याला बांधली.

काही गोष्टी मात्र सांभाळा. कापसावर फवारणी झालेली असते, म्हणून बोंडं धुऊन वाळवा, हातही साबणानं धुवा. रुईची पानं घेऊ नका, चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. पळसाची खाली पडलेलीच फुलं वेचा, फांदी मोडू नका. आणि वाळल्या पानांचा पोशाख घालून दिव्याजवळ किंवा चुलीजवळ अजिबात जायचं नाही.

फोटो मोबाईलवरच काढले. सकाळी सात ते साडेआठ, ऊन कोवळं असताना. भिंतीवर काळी घोंगडी टांगली. काढणारी जरा खाली बसली की उभी असलेली बाई उंच दिसते. सुतळी, दाभण, हळद, तुरटी आणि बारा फोटोंच्या प्रिंट मिळून खर्च ६०० रुपयांच्या आत आला.

आता खरी गोष्ट. आमच्यातल्या एका ताईचे मालक चार वर्षांपूर्वी गेले. सगळ्यात सुबक शिवण तिची. पण फोटोच्या दिवशी ती कोपऱ्यात बसून गजरे करत राहिली. "मी करते की, मला नका घालू," म्हणाली. आम्ही गप्प झालो. खरं सांगते, मी समन्वयक, बीए झालेली, पण मलाही पुढं होऊन बोलायचं सुचलं नाही. उठली ती तिची सासू. पळसाचा मुकुट हातात घेतला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "बस झालं आता. उभी राहा नीट."

गावात दोन दिवस कुजबुज झाली. म्हातारीनं एकच उत्तर दिलं, "माझ्या घरचं मी बघते."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग सरकारनंही त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आपल्या गावात तो कागद आला का, ग्रामसभेत विचारा. पण कागद येईपर्यंत थांबायला हवं असंही नाही.

आणखी एक. विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, असं आम्ही आधीच वहीत लिहून सह्या केल्या होत्या. त्या ताईनं फोटो टाकू दिला नाही. प्रिंट मात्र घेतली. तिच्या घरी गेले तेव्हा ती मालकांच्या फोटोशेजारी लावलेली होती.

यातून कमाई किती झाली, असं विचाराल. एका डोहाळजेवणाला दागिने करून दिले, तेवढंच. हिशोब सांगावा इतकं अजून काही नाही. पण पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की तुमच्या गटात तो प्रश्न विचारून बघा. आणि कोपऱ्यात कोण बसलंय, तिकडे आधी बघा.

येते मग. नमस्कार.