शिंपल्याची कैफियत



बजाजनगरात बहुतेकांचा दिवस पाळीच्या भोंग्यावर बेतलेला असतो. तेव्हा तळ्यातल्या शिंपल्याविषयी बोलावयास मी येथे उभा राहिलो, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु ज्या नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचे, पाणी आपण पितो, त्याच्या तळाशी गाळात अर्धवट रुतून बसलेला हा मुका प्राणी आपल्या शहराचे दप्तर राखीत असतो आणि ते वाचण्याची युक्ती आता शास्त्रज्ञांना साधली आहे.

जटवाड्याच्या डोंगरात उगम पावलेली खाम नदी पाणचक्कीवरून शहराचे सांडपाणी पोटात घेत अखेर जायकवाडीच्या जलाशयास मिळते. उसाच्या मळ्यांतले खत पावसाबरोबर उतरते ते निराळेच. बाटलीभर पाणी तपासले तर त्या दिवशी त्यात नत्र किती हे कळते, ते कोणाच्या घरचे हे कळत नाही. शिंपला मात्र महिनोन् महिने तेच पाणी गाळून त्यातले शेवाळकण खातो, आणि त्या साऱ्या मुदतीचा जमाखर्च त्याच्या मांसात उतरतो.

नत्राची स्थिर समस्थानिके दोन: चौदा भाराचे हलके आणि पंधरा भाराचे जड, जड अणू हजारांत चारांहूनही कमी. युरियातले नत्र हवेतून घेतलेले असल्यामुळे त्यातील जड अणूंचे प्रमाण जवळजवळ हवेइतकेच राहते. मैल्यातले नत्र अमोनियाच्या रूपाने उडू लागले की हलके अणू आधी निघून जातात, आणि पीठ गळून चाळणीत कोंडा उरावा तसे मागे उरलेले नत्र हवेच्या मानाने दर हजारी दहा ते वीसपर्यंत जड होते. त्यात खाणाऱ्याची भर पडते ती वेगळीच: अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला सरासरी दर हजारी ३.४. ही भर वजा न करता शिंपल्याच्या आकड्यावरून शहरावर फिर्याद गुदरणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

कार्बनची साक्ष अधिक मौजेची आहे. त्याचीही हलकी-जड समस्थानिके असतात, आणि ठरलेल्या मानकाच्या मानाने ऊस, ज्वारी, मका यांचा कार्बन दर हजारी उणे तेराच्या आसपास, तर कापूस आणि तूर यांचा उणे सत्तावीसच्या. म्हणजे तळच्या गोगलगाईच्या पोटात उसाचे पाचट गेले की बांधावरचा पालापाचोळा, हे ताडता येते. (भाकरी आणि वरण यांतला हा भेद आपल्या नखांतही उतरतो.)

कृती साधी आहे. शिंपल्याच्या पायाचे मांस कापून, वाळवून, खलात घोटायचे. तिळाहून कमी वजनाची चिमूट कथिलाच्या इवल्या पुडीत बांधून जाळायची. निघालेले वायू मास स्पेक्ट्रोमीटरने तोलायचे.

शेणखत आणि मैला यांचे नत्र सारखेच जड दिसते, हा या साक्षीतला दोष मी लपवीत नाही. तेथे दुसरा पुरावा हवाच. तरीही येथील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना माझी विनंती आहे की, जलाशयावरील पक्षी अभयारण्याची रीतसर परवानगी काढून त्यांनी खामच्या मुखापाशी आणि पैठणच्या धरणाजवळ दर ऋतूस दोन-चार शिंपले घ्यावेत, त्यांचे मांस पुरते वाळवावे आणि स्थळ व तारीख घालून कोरड्या कुपीत जपावे. यंत्र आज हाताशी नसले तरी चिंता नाही, कारण वाळलेले मांस वर्षानुवर्षांनीही मोजता येते. फक्त ते फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नये. त्याचा कार्बन मांसात मिसळतो.